द्राक्षमळ्यातली मजुरी आणि फुकटचा कोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपन सोर्स सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता, बदलता येतो) लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या असंख्य लोकांना त्या कामाचा एक पैसाही मिळत नाही. मोबदल्याचा विषय निघाला की त्यांच्यातले बायबल वाचणारे हटकून मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायाकडे, येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्याकडे म्हणजे दृष्टांतकथेकडे, वळतात. एकजण म्हणतो, "बघा, धन्याने सगळ्यांना सारखं दिलं." दुसरा म्हणतो, "बघा, कुरकुर करणाऱ्याला धन्याने गप्प केलं." मी सॉफ्टवेअरवाला आहे आणि हा दाखला माझ्या श्रद्धेचा भाग आहे. तो कष्टकऱ्याचं तोंड बंद करायला वापरला जातो तेव्हा मला फार त्रास होतो. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

दाखला नेमका काय आहे?

एक घरधनी पहाटे मजुरांच्या शोधात बाहेर पडतो. दिवसाला एक दिनार ठरवून काहींना आपल्या द्राक्षमळ्यात पाठवतो. सकाळी नऊच्या सुमारास तो पुन्हा जातो. चौकात रिकामे उभे असलेले आणखी काही दिसतात. त्यांना तो म्हणतो, तुम्हीही जा, जे योग्य असेल ते देईन. दुपारी बाराला आणि तीनला पुन्हा तेच. संध्याकाळी पाचला, दिवस मावळायला तासभर उरलेला असताना, तो पाचव्यांदा जातो आणि विचारतो, "तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे आहात?" उत्तर येतं, "आम्हाला कोणी कामावर लावलं नाही." त्यांनाही तो मळ्यात पाठवतो. आकडा सांगत नाही.

अंधार पडताना कारभाऱ्याला हुकूम होतो: मजुरी द्या, शेवटच्यापासून सुरुवात करा. तासभर राबलेल्याच्या हातावर एक दिनार पडतो. पहाटेपासून राबलेले ते पाहतात आणि मनात हिशोब मांडतात की आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दिनार मिळतो. ते कुरकुरतात: आम्ही दिवसभराचा भार आणि उन्हाचा तडाखा सोसला, आणि यांना आमच्या बरोबरीला बसवलं? धनी त्यातल्या एकाला म्हणतो, "मित्रा, मी तुझ्यावर अन्याय करत नाही. तू माझ्याशी एका दिनाराचा करार केला नव्हतास का?" दाखला संपतो तो शेवटले पहिले आणि पहिले शेवटले होतील या शब्दांनी.

हा दाखला फक्त मत्तयात आहे, बाकी तीन शुभवर्तमानांत नाही.

हा दाखला स्वर्गाच्या राज्याबद्दल आहे. त्यात मजुरीचा प्रश्न घुसडणं बरोबर आहे का?

दाखल्याच्या आधीच्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही सर्वस्व सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? दाखला या प्रश्नाच्या पाठोपाठ येतो. त्यामुळे त्याचा पहिला रोख देवाच्या कृपेकडे आहे याबद्दल वाद नको. मंडळीने, म्हणजे चर्चने, तो तसाच वाचला. प्राचीन धर्मपंडितांपैकी ओरिगेनने त्या पाच वेळांमध्ये मानवी इतिहासाचे टप्पे पाहिले, माणसाच्या आयुष्यातले टप्पेही पाहिले. ऑगस्टीनला दिनार म्हणजे सार्वकालिक जीवन वाटलं. क्रिसोस्तोमच्या नावावर असलेलं ईस्टरचं प्रवचन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही वाचलं जातं, त्यात अकराव्या ताशी, म्हणजे संध्याकाळी पाचला, आलेल्यालाही भिऊ नकोस, ये, असं सांगितलं आहे.

पण येशूने कृपा समजावताना रोजंदारीचा मजूर निवडला, आणि ऐकणाऱ्यांना त्याचं पोट ठाऊक होतं. जुन्या करारातलं अनुवाद नावाचं पुस्तक (24:15) सांगतं की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्यावर लागलेलं असतं. लेवीय 19:13 म्हणतं, ती सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नका. दाखल्यातला धनी हा नियम अक्षरशः पाळतो. त्याची कृपा नियमाच्या पुढे जाते, नियम मोडून नाही. मजुरी बुडवणाऱ्या धन्याच्या तोंडी तेच उदार शब्द घातले असते तर ऐकणारे उठून गेले असते.

दहा वर्षं मी फुकट राबलो. आता प्रकल्पाला पैसे मिळाले आणि कालच्या मुलाला पगार सुरू झाला. मला वाईट वाटतं. दाखल्यातल्या कुरकुऱ्यांसारखाच मी चुकतोय का?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त दुखावलेला प्रश्न हाच.

दाखल्यात पहाटेच्या मजुराला त्याचा दिनार मिळाला होता, हे विसरू नका. पूर्ण, ठरल्याप्रमाणे, त्याच संध्याकाळी. "मी तुझ्यावर अन्याय करत नाही" हे वाक्य धनी बोलू शकतो ते तेवढ्याच जोरावर. तो मजूर रिकाम्या हाताने घरी गेला असता आणि फक्त पाचच्या माणसाला दिनार मिळाला असता, तर ती कुरकुर राहिली नसती. ती याकोबाच्या पत्रातली हाक झाली असती: तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे (याकोब 5:4). तुम्हाला काहीच मिळालं नसेल तर तुमची जागा त्या कुरकुऱ्यांमध्ये नाही, आणि तुम्हाला त्यांच्यात उभं करणाऱ्याने दाखला अर्धवट वाचला आहे.

आता दुसरी बाजू. नव्या मुलाला पगार मिळाला यात तुमचं काही हिरावलं गेलं नाही. त्याचा दिनार कमी केल्याने तुमचा वाढणार नाही. तुमचं म्हणणं "मलाही द्या" असायला हवं. "त्याला देऊ नका" या वळणावर ते गेलं की धन्याचा प्रश्न खरोखरच तुम्हाला लागू होतो: मी चांगला आहे म्हणून तुझ्या डोळ्यात सलतं का?

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या जुन्या स्वयंसेवी प्रकल्पात 2006 साली हेच घडलं. नवी आवृत्ती, जिचं नाव 'एच' (Etch) होतं, ठरल्या तारखेला बाहेर पडावी म्हणून डंक-टँक नावाचा प्रयोग झाला. देणग्या गोळा करायच्या आणि रिलीजची जबाबदारी असलेल्या दोघांना महिनाभर पूर्णवेळ कामासाठी पैसे द्यायचे, इतकीच योजना. पैसे प्रकल्पाच्या बाहेरून येत होते, कोणाचं काही कापलं जात नव्हतं. तरी वातावरण बिघडलं. वर्षानुवर्षं फुकट काम करणाऱ्या काहींनी जाहीर विरोध केला, काहींनी आपला वेळ आखडता घेतला. 4 डिसेंबर 2006 ची तारीख हुकली आणि आवृत्ती 8 एप्रिल 2007 ला आली. उशिराचं सगळं खापर या वादावर फोडता येणार नाही, पण जखम खरी होती. त्या लोकांना मी मत्सरी म्हणणार नाही. दोनच माणसांना का, ती कोणी निवडली, आमच्या कामाचं मोल कोणी ठरवलं, हे त्यांचे प्रश्न रास्त होते. दाखल्यात निदान धनी समोर उभा राहून उत्तर देतो. प्रकल्पांत बऱ्याचदा उत्तर द्यायला कोणीच नसतं.

म्हणून पैसे येण्याआधी सगळ्यांसमोर बोला: किती आहेत, कोणाला, कशासाठी, कोणी ठरवलं. आणि जुन्या माणसांना विचारा, तुम्हाला हवेत का. काहीजण नको म्हणतील. विचारलं गेलं, याने फार फरक पडतो.

"तुम्हाला फुकट मिळालं, फुकट द्या" असं येशूनेच सांगितलं आहे ना?

हो, मत्तय 10:8. आता पुढच्या दोन ओळी वाचा. शिष्यांना तो कमरपट्ट्यात सोनं, रुपं, तांबं घेऊ नका असं सांगतो आणि लगेच कारण देतो: कामकऱ्याला त्याचं अन्न मिळणं योग्य आहे (10:10). म्हणजे जे वाटायचं ते विकू नका, आणि जो वाटतो त्याच्या जेवणाची सोय जिथे तो काम करतो तिथल्या लोकांनी करावी. दोन्ही आज्ञा एका दमात दिल्या आहेत. ओपन सोर्सच्या जगाने पहिली उचलली. दुसरी सोयीने गाळली.

मला हे दोन श्लोक एकत्र फार मोलाचे वाटतात, कारण कोड सर्वांसाठी खुला ठेवणं आणि तो लिहिणाऱ्याचं घर चालणं यांत विरोध नाही, हे त्यांतून स्वच्छ दिसतं.

ओपन सोर्स म्हणजे विनामूल्यच ना?

नाही. लायसन्स कोड वापरण्याचं, बदलण्याचं, पुढे देण्याचं स्वातंत्र्य देतं. पैसे घ्यायला ते मनाई करत नाही. ग्नू प्रकल्पाच्या सुरुवातीच्या काळात ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमची टेप 150 डॉलरला विकली जात होती, आणि विकणारा स्वतः मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचा प्रवर्तक होता. लिनक्स कर्नलचं (त्या प्रणालीच्या गाभ्याचं) बहुतेक काम आज पगारी लोक करतात.

लायसन्स देताना मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, पैसे मागितले नव्हते. मग वापरणाऱ्यावर कसलं ऋण?

कायद्याचं काहीही नाही. फारशा अटी न घालणाऱ्या एमआयटी लायसन्सखाली ठेवलेला कोड कोणी वापरून कोट्यवधी कमावले तर तो चोर ठरत नाही, आणि मेंटेनरनेही त्याला तसं म्हणू नये. दिलेला शब्द शब्द असतो. धनीही कराराचाच आधार घेतो.

पण दाखल्यात दोन तऱ्हेचे करार आहेत. पहिल्यांशी आकडा ठरला होता. नऊपासून पुढे आलेल्यांशी फक्त "जे योग्य असेल ते" ठरलं, आणि तिथे सगळा भार देणाऱ्याच्या सदसद्विवेकावर आला. ओपन सोर्समधलं नातं या दुसऱ्या जातीचं आहे, किंबहुना त्याहूनही सैल. आकडा नाही म्हणून "योग्य ते" शून्य होत नाही. उलट आकडा नसताना माणसाची परीक्षा जास्त होते.

ओपनएसएसएलचं उदाहरण घ्या. इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांचा मोठा हिस्सा या लायब्ररीवर (इतर प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडवर) चालत होता. एप्रिल 2014 मध्ये हार्टब्लीड नावाची चूक उघड झाली तेव्हा जगाला कळलं की या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे 2000 डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी एकत्र निधी उभा केला. कोणीही करार मोडला नव्हता. तरी जे योग्य होतं ते दिलं गेलं नव्हतं, हे नंतर सगळ्यांनी कबूल केल्यासारखंच झालं.

पैसे वाटायचे तर कसे? कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) मोजून, ओळी मोजून, तास मोजून?

ओळी मोजून तर मुळीच नको. मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातून काढून घेतलं आणि जगभर त्यावर अवलंबून असलेलं सॉफ्टवेअर तयार होणंच थांबलं. अकरा ओळींची किंमत किती, हे कोणत्या फूटपट्टीने मोजणार?

तासांबद्दल दाखला स्पष्ट आहे. दिनार ही साध्या मजुराची एका दिवसाची मजुरी होती, घरातली चूल पेटेल एवढी. पाचच्या माणसाला दिनाराचा बारावा भाग दिला असता तर हिशोब चोख झाला असता आणि त्याची मुलं उपाशी झोपली असती. धन्याने कामाचे तास न मोजता माणसाची गरज पाहिली.

याच दाखल्यातल्या शब्दांवरून इंग्रज लेखक जॉन रस्किनने आपल्या अर्थशास्त्रावरच्या पुस्तकाचं नाव 'अनटू धिस लास्ट' ठेवलं. 1904 साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी ते आगगाडीत वाचलं, आणि त्याच वर्षी फिनिक्स आश्रम उभा राहिला. तिथे 'इंडियन ओपिनियन'साठी काम करणाऱ्या प्रत्येकाला वर्ण वा देश न पाहता महिना 3 पौंड ठरले. छापखान्यात खिळे जुळवणारा आणि लेख लिहिणारा, दोघांना तेवढेच.

प्रत्येक प्रकल्पाला हे जमेल असं नाही. पण वाटणी करताना पहिला प्रश्न "कोणी किती केलं" हा न ठेवता "या कामावर कोणाचं पोट आहे, किंवा असायला हवं" हा ठेवून पाहा. ज्याला नोकरीतून भरपूर मिळतं तो बहुधा आपणहून मागे सरतो. ज्याने नोकरी सोडून प्रकल्प धरला आहे त्याला महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम मिळायला हवी. एकदाच आलेल्या घसघशीत देणगीपेक्षा दरमहा येणारी छोटी रक्कम त्याच्या जास्त कामाची, कारण घरभाडं दर महिन्याला द्यावं लागतं.

पाच वाजता चौकात उभे असलेले म्हणजे आजचे कोण?

या प्रश्नावर मला सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं, कारण तो फार कमी लोक विचारतात.

त्यांना आळशी समजण्याची रीत आहे. मजकुरात तसं काहीच नाही. "आम्हाला कोणी कामावर लावलं नाही" हे त्यांचं उत्तर धनी खोडून काढत नाही. ते दिवसभर उभेच होते.

ओपन सोर्समध्ये शिरायची वाट बहुधा फुकट कामातून जाते. आधी पॅच (कोडमधली छोटी दुरुस्ती) पाठवा, बग सोडवा, नाव कमवा, मग कोणीतरी नोकरी देईल. हे फुकटचे तास कोणाकडे असतात? ज्याची फी कोणी भरतंय, ज्याच्या घरी आजारी माणूस नाही, जिला ऑफिसनंतर दुसरी पाळी घरात करावी लागत नाही. बाकीचे चौकात उभे राहतात, आणि मग आपण म्हणतो की त्यांना आवड नाही. न दिलेल्या पगाराचा फटका राबणाऱ्याला बसतो तसा दाराबाहेर राहिलेल्यालाही बसतो.

गूगल समर ऑफ कोड 2005 पासून नवख्यांना मानधन देतं. आउटरीची खास करून ज्यांना या क्षेत्रात कमी वाव मिळतो त्यांना मानधनासह इंटर्नशिप देते. पदरी कारभारी असूनही धनी स्वतः पाच वेळा चौकात गेला. ज्या प्रकल्पाकडे थोडा निधी आहे त्याने निदान एकदा तरी जावं.

पैसे आले की सेवाभाव मरतो, असं म्हणतात.

कधी कधी नातं बदलतं, हे खरं. येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या प्रेषित पौलाचं उदाहरण इथे उपयोगी आहे. तो तंबू बनवून पोट भरत असे (प्रेषितांची कृत्ये 18:3). करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो आधी हक्क ठासून सांगतो: मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नका, पेरणाऱ्याला पिकाचा वाटा मिळालाच पाहिजे. मग म्हणतो, मी मात्र हा हक्क वापरला नाही. क्रम महत्त्वाचा आहे. हक्क मान्य झाल्यावर तो सोडणं म्हणजे दान. हक्कच नाकारून काम करवून घेणं याला दान म्हणता येत नाही, मग करणारा कितीही हसतमुख असो.

पैसे न देता चाललंच आहे की सगळं. बिघडलं कुठे?

एक्सझेड हे फाइली आकुंचित करणारं छोटं साधन बहुतेक लिनक्स यंत्रांवर असतं. ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकच माणूस रिकाम्या वेळेत सांभाळत होता. 2022 मध्ये प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर काही नावांनी त्याच्यावर दबाव यायला लागला: पॅच पडून आहेत, नवा मेंटेनर आणा. त्याने उत्तरात लिहिलं की आपली मानसिक तब्येत बऱ्याच काळापासून ठीक नाही, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे लक्षात ठेवा. तोवर एक मदतनीस पुढे आला होता. तो नेमाने, गोड बोलून काम करत राहिला, हळूहळू अधिकार मिळवत गेला आणि 2024 च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा घातला. दबाव आणणारी ती नावं बनावट असावीत, असं आज मानलं जातं. मार्च 2024 च्या अखेरीस एका अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचं कुतूहल वाटलं, म्हणून हे सापडलं.

त्या थकलेल्या माणसाचं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. खरी मदत कोणाकडूनच आली नव्हती. जी आली ती शत्रूची होती.

दाखला या विषयाला पूर्ण लागू पडतो का?

नाही. तिथे मळा एकाचा, पीक त्याचं, थैली त्याची, आणि मजूर त्याने स्वतः बोलावलेले. इथे मळा कोणाचाच नाही आणि पीक हजारो लोक नेतात. कोणी कोणाला बोलावलेलं नसतं, त्यामुळे देण्याची जबाबदारी सगळ्यांच्या हातातून निसटते. शिवाय धनी म्हणतो, "माझ्या मालाचं मला हवं ते करायला मी मोकळा नाही का?" हे वाक्य कंपनीच्या तोंडी शोभत नाही. धनी ते उदारपणासाठी वापरतो, कंपनी हात आखडण्यासाठी वापरील.

आणि रुपयांच्या थैल्यांचा दाखला? "देवाने दिलेली बुद्धी पुरून ठेवू नका" असं सांगून फुकट काम मागितलं जातं.

मत्तय 25 मध्ये धनी परगावी जाताना चाकरांकडे थैल्या सोपवतो, दोघे त्या वाढवतात, तिसरा पुरून ठेवतो. तो दाखला विश्वासूपणाबद्दल आहे, फुकट मजुरीबद्दल नाही. तिथली एक थैली, मूळ शब्दात एक तलांत, म्हणजे सुमारे 6000 दिनार. चाकरांना भांडवल धन्याने स्वतः दिलं होतं. जो तुम्हाला काहीच न देता व्याज मागतो त्याने हा दाखला उच्चारू नये. त्यातल्या तिसऱ्या चाकराचा आरोप मात्र त्याने वाचावा: जिथे पेरलं नाही तिथे कापणारा.

आमची कंपनी छोटी आहे. काय करता येईल?

आधी यादी करा: तुमचं उत्पादन कोणत्या लायब्रऱ्यांवर उभं आहे, आणि त्यांतली कोणती एकदोन माणसांच्या खांद्यावर आहे. त्यांतल्या दोनतीन निवडा आणि गिटहब स्पॉन्सर्स किंवा ओपन कलेक्टिव्ह या देणगी देण्याच्या ऑनलाइन सोयींवरून दरमहा रक्कम सुरू करा. आकड्याचा अंदाज हवा असेल तर 2024 मध्ये सुरू झालेली ओपन सोर्स प्लेज ही मोहीम कंपन्यांकडून दर डेव्हलपरमागे वर्षाला किमान 2000 डॉलर मागते. तेवढं जमत नसेल तर जमेल तेवढं, पण नियमित. आपल्या कर्मचाऱ्याला कामाच्या वेळेत पॅच पाठवू द्या. आणि इश्यूमध्ये (प्रकल्पाच्या तक्रार-नोंदीत) "आमचं प्रॉडक्शन बंद आहे, आजच दुरुस्त करा" असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा की आपण या माणसाला काय देतो.

मी मेंटेनर आहे. "नाही" म्हटलं तर पाप लागेल का?

नाही. प्रकल्प थांबवणं, संग्रहात टाकणं, पैसे मागणं, रविवारी उत्तर न देणं, यातलं काहीही पाप नाही. अवलंबून असलेल्यांना वेळेवर कळवा, म्हणजे झालं. रागाच्या भरात लायब्ररी मुद्दाम मोडू नका. 2022 च्या जानेवारीत दोन लोकप्रिय जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या लेखकाने तसं केलं, आणि त्याचा फटका त्याच्याच सारख्या छोट्या लोकांनाही बसला.

मी ख्रिस्ती नाही. मला याचं काय?

मजुरी वेळेवर द्यावी हे पटायला बाप्तिस्मा लागत नाही.

आमच्या मंडळीची वेबसाइट आणि वर्गणीचं ॲप मी बिनपैशाने सांभाळतो. आता झेपत नाही. पाळकांना कसं सांगू?

सरळ सांगा, आणि थकून चिडचिड व्हायच्या आधी सांगा. महिन्याला किती तास जातात ते लिहून द्या. होस्टिंग आणि डोमेनचा खर्च तुमच्या खिशातून जात असेल तर तो आधी मंडळीच्या हिशोबात घ्यायला लावा. सेवा म्हणून किती तास देता येतील तो आकडा तुम्ही ठरवा. त्यापुढच्या कामाला मंडळीने मानधन द्यावं किंवा दुसरा माणूस शोधावा. ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याला आणि छपराची गळती काढणाऱ्याला मंडळी पैसे देते, तो विश्वासणारा असला तरी. पासवर्ड आणि बॅकअप कुठे आहेत हे आणखी एका व्यक्तीला आजच दाखवून ठेवा, म्हणजे तुमच्या नकाराने कोणाचं काम अडणार नाही.